आमच्या घरचा बँड स्विच

आमच्यात बायको नवऱ्याचं नाव घेत नाही. म्हातारी झाले तरी मी घेतलं नव्हतं, त्यामुळे सांगतानाही बराच वेळ ‘राहुलचे बाबा’ असंच म्हणेन, चालवून घ्या. आमच्या गावात येऊन रेडिओवाल्याचं घर कुठलं असं विचारलं, तर कोणीही बोट दाखवतो. गावात आता एकाच्याही घरी रेडिओ वाजत नाही, पण नाव चिकटलं ते चिकटलं.

गाव अर्जुनी मोरगाव तालुक्यातलं, धानाचं. तलावाच्या पारीखाली, म्हणजे बांधाखाली, घरं. माझे सासरे त्या तलावाचे पाणकर होते, म्हणजे कोणत्या पाटाला कधी पाणी सोडायचं हे त्यांनी ठरवायचं. तलावाच्या तोंडाशी दगडी तुडूम आहे, त्याला भोकं, भोकांत लाकडी दट्टे. दट्ट्या काढला की पाणी चाललं, ठोकला की बंद. पोरगा हेच काम पुढे चालवील असं सासऱ्यांना वाटायचं. पोराच्या डोक्यात मात्र वीज शिरली होती. तो गेला गोंदियाला आणि दुर्गाप्रसाद नावाच्या रेडिओवाल्याच्या दुकानात जाऊन बसला.

तिथं राहुलचे बाबा हिंदी शिकले, उभ्यानं चहा प्यायला शिकले आणि व्हॉल्वचे रेडिओ शिकले. त्या दुकानाची एक रीत होती. नवा सेट बांधून पुरा झाला, की ज्यानं बांधला त्यानं लाकडी खोक्याच्या आतल्या बाजूला पेन्सिलीनं आपलं नाव लिहायचं. गिऱ्हाइकाला ते दिसायचं नाही. पुढे कधी एखाद्या मेकॅनिकनं सेट उघडला, तर हा हात कोणाचा ते त्याला कळावं, एवढंच. दुरुस्ती करणाऱ्यानं मात्र नाव लिहायचं नाही, मग त्यानं आतलं सगळं का बदललं असेना. राहुलचे बाबा दुरुस्तीत तरबेज झाले, आता तुला बांधणीला बसवतो असं दुर्गाप्रसाद म्हणाले, आणि तेवढ्यात बाजारात ट्रान्झिस्टर आला. मग व्हॉल्वचा सेट कोण बांधून मागतो? ह्यांचं नाव एकाही रेडिओत लिहायचं राहून गेलं. लग्न झाल्यापासून हे रडगाणं ऐकून ऐकून माझे कान किटले होते.

ते गावी परतले, शेती बघू लागले आणि बाजाराच्या दिवशी टेबल मांडून रेडिओ दुरुस्त करू लागले. महाशिवरात्रीला आमच्या जवळच्या प्रतापगडच्या यात्रेत त्यांचं टेबल ठरलेलं. मी घरी बिड्या वळायची. मांडीवर सूप, सुपात कापलेली तेंदूपानं, तंबाखू आणि दोरा. बिड्या मोजून घेणाऱ्या सट्टेदारानं माझी बिडी खराब म्हणून कधी छाटली नाही, हे मी माझ्या तोंडानं सांगते, कारण दुसरं कोणी सांगणार नाही.

तेव्हाचं एक सुख सांगते. कोणाचा रेडिओ दुरुस्त झाला, की राहुलचे बाबा तो लगेच देत नसत. एक दिवस जास्त आमच्या घरी ठेवत. कोणी विचारलं तर म्हणत, टेस्टिंग चालू आहे. कसलं टेस्टिंग! मला ऐकायला मिळावं म्हणून. व्हॉल्वचा रेडिओ लावला की लगेच बोलत नाही. आधी आतले दिवे लालसर होतात, खोकं कोमट होतं, धुळीचा वास सुटतो आणि मग दुरून कोणी तरी येऊन ओसरीवर बसल्यासारखा आवाज येतो. नागपूर केंद्र लागायचं, गाणी लागायची, मी वळत बसायची. संध्याकाळी ते काटा शॉर्टवेव्हवर नेत आणि एका ठरावीक जागी आणून थांबवत. तिथं परदेशातून कोणी तरी हिंदीत समाचार देत असे. ती जागा लागली तरच सेट पास. दुसऱ्या दिवशी मालक येऊन रेडिओ उचलून नेई आणि घर कसं भकास व्हायचं. लोकांचे रेडिओ आणि आमचं ऐकणं, अशी आमची उमेदीची वर्षं गेली.

पुढे टीव्ही आला, मग मोबाइल आला आणि टेबल बंद झालं. राहुल नोकरीला लागला, नागपूरला राहू लागला. तो म्हणाला, बाबा, मोबाइलवर जगातलं कुठलंही केंद्र लागते. ह्यांनी ऐकून घेतलं आणि मोबाइल उशाखाली ठेवून दिला.

मागच्या दिवाळीनंतर दुर्गाप्रसादांचा मुलगा नंदलाल याचा फोन आला. बापाचं दुकान मोकळं करून तिथं तो मोबाइलची कव्हरं विकणार होता. जुनं सामान भंगारात घालायचं त्याच्या जिवावर आलं, म्हणून त्यानं ह्यांना बोलावलं. संध्याकाळच्या बसनं हे उतरले ते पोतं खांद्यावर घेऊन, आणि तोंडावर हसू असं, की मला आधी वाटलं राहुलच्या घरची काही बातमी आहे. पोत्यात कापसात गुंडाळलेले व्हॉल्व, लोखंडी ट्रान्सफॉर्मर, स्पीकर आणि एक रिकामं लाकडी खोकं. खोक्याच्या आत त्यांनी मला बोट लावून दाखवलं. कोणाचंच नाव नव्हतं.

एकच वस्तू नव्हती, ती म्हणजे बँड स्विच. रेडिओच्या तोंडावर जी खुंटी फिरवून आपण मीडियमवरून शॉर्टवेव्हवर जातो, ती. आतमध्ये प्रत्येक बँडची वेगळी कॉइल असते, आणि एका वेळी एकाच कॉइलला कामाला लावायचं हे त्या स्विचचं काम. मला हे कळायला उशीर लागला नाही. मी म्हटलं, हे तर तुमच्या बाबाचं तुडूम झालं. ते इतके खूश झाले की आल्यागेल्याला तेच सांगत सुटले, आणि सांगताना स्वतःच्या डोक्यातून निघाल्यासारखं सांगायचे!

मग सुरू झाली निवड. लेकीसाठी स्थळं पाहावी तशी ह्यांनी स्विच पाहिली. आधी बाजारातून नवी आणली, प्लॅस्टिकची, बंद डबीची. फिरवून कानाशी धरली आणि म्हणाले, हिला आवाजच नाही, शिवाय आत काय बिघडलं ते उघडून पाहता येत नाही, धूळ गेली की संपली. ती गेली खोलीच्या कोपऱ्यात. मग नंदलालनं बापाच्या एका डब्यातून दोन जुन्या स्विच शोधून बसच्या कंडक्टरजवळ पाठवल्या. दोन्ही एकाच घडणीच्या, एकीचा दांडा मोडलेला, दुसरी धड. एका दांड्यावर ओळीनं तपकिरी चकत्या, प्रत्येक चकतीच्या कडेनं चांदीच्या पत्त्या, चांदी काळी पडलेली. राहुलच्या बाबांनी ती रॉकेलच्या बोळ्यानं पुसली, खोडरबरानं घासली, आणि पत्त्या चमकल्या. मग दिवसभर घरात एकच आवाज. टक. टक. टक. मी तांदूळ निवडत होते आणि ते समोर बसून स्विच फिरवत होते. माझं डोकं उठलं.

म्हणाले, हीच घ्यायची. कारण काय, तर हिची शेवटची चकती. ज्या कॉइलला काम नाही, तिला ही चकती गुपचूप जमिनीला, म्हणजे अर्थिंगला, बांधून ठेवते. नाही बांधली तर बसून राहिलेली कॉइल शेजारणीच्या आवाजातलं ओढून घेते. मी म्हटलं, गावातबी तसंच आहे, आणि खडे काढत राहिले.

निवड झाली, आता बांधणी सुरू होईल असं मला वाटलं. पण गाडी तिथंच अडली. स्विच फडक्यात बांधून खोक्यात ठेवली ती ठेवलीच. शिमगा गेला, आंबे येऊन गेले. विचारलं की म्हणायचे, करू ना, घाई काय आहे. मग एक दिवस म्हणायला लागले की स्विच नकोच. प्रत्येक बँडची कॉइल वेगळी करून ठेवू, पाहिजे ती हातानं खुपसू, कथलाचे टाके कमी लागतात. मी हातातलं काम ठेवलं. ज्या माणसानं जन्मभर बिनस्विचच्या सेटला खेळणं म्हटलं, तो असं काऊन बोलून राहिला?

मी नुसती पाहत राहिले. चहा दिला की ते कप हातात घेत नव्हते. खाली ठेव, गरम आहे, म्हणायचे, आणि कोमट झाल्यावर मी आत गेले की प्यायचे. गुंड्यांचे सदरे पेटीत गेले होते आणि ते घरात बनियनवर, बाहेर जाताना राहुलच्या जुन्या टी-शर्टवर दिसू लागले होते. मी समजत होते की म्हाताऱ्याला हौस आली आहे! उजव्या हाताच्या अंगठ्यावर चटक्याचे डाग होते. विचारलं, तर म्हणाले चुलीचा. चुलीशी तर मी असते.

एका दुपारी मी मुद्दाम भरलेला कप त्यांच्या हातात दिला आणि समोर उभी राहिले. चहा बशीत सांडला, बशीतून मांडीवर. त्यांनी डाव्या हातानं उजवा हात धरला, तरी तो हलतच होता. आम्ही दोघंही त्या हाताकडे पाहत होतो.

“हात आयकत नाई आता, राहुलची माय,” ते म्हणाले.

गोंदियाच्या डॉक्टरला ते गुपचूप दाखवून आले होते. गोळ्याही होत्या, माझ्या नजरेला पडू नयेत म्हणून धानाच्या कोठीमागे. मी भडकले. इतकी वर्षं संसार केला आणि गोळ्या माझ्यापासून लपवता, मी काय सट्टेदारीण आहे का, असं बरंच बोलले. ते खाली मान घालून ऐकत होते. बोलून झालं, मांडी पुसून दिली आणि मी खोक्यातलं फडकं सोडून स्विच त्यांच्यासमोर ठेवली.

“तुमचा आयकत नाई, त माझा आयकते. सांगा, टाका कुठं लावायचा.”

ते हसले. बिडी आणि रेडिओ यात फरक आहे म्हणाले. मी म्हटलं, बिडीच्या तोंडाची कड नखानं आत दाबून वर दोऱ्याची गाठ मारायची, तीही बोलता बोलता, ते तुम्हाला एकदा तरी जमलं होतं का? त्यांनी वळलेली बिडी त्यांनाही ओढवत नव्हती. मग त्यांनी तारेचं रीळ माझ्याकडे सरकवलं.

आधी कॉइल झाल्या. केसाएवढी तार, गुळगुळीत नळीवर, एकाला एक वेढा चिकटून. ते मला फारसं शिकवावं लागलं नाही, दोरा काय आणि तार काय. टाक्याचं मात्र जड गेलं. टाका लावायची तापलेली कावी धरायची, राळेचा धूर डोळ्यांत जायचा, कथील वितळून थेंब व्हायचं आणि भलतीकडे पडायचं. राळेचा वास प्रतापगडच्या दर्ग्यातल्या लोबानासारखा, तेवढं एक बरं होतं. मोडक्या दांड्याची स्विच मला सरावाला हवी होती, पण ती त्यांनी हातची राखून ठेवली आणि मला तारांचे तुकडे दिले. ते शेजारी बसून सांगायचे, मी करायची, आणि आमचं रोज भांडण. तार आखूड ठेव, बोट काढ, फुंकू नको. एकदा मी कावी ठेवून उठले आणि म्हटलं, तुम्हीच करा. मीच परत बसले.

शेवटच्या चकतीपाशी आलो, तर ती स्विचवर नव्हतीच. मी विचारलं. ते म्हणाले, काढून टाकली, गरज नाही तिची. त्यांच्या बाबांचं उदाहरण दिलं. दट्ट्या ठोकला की पाट बंद, बंद पाट पाणी घेत नाही, तशी बंद कॉइल काय घेणार. मला काही तरी खटकलं, पण पाणकराच्या घरात पाण्याबद्दल मी काय बोलू?

रेडिओ लावला तो सकाळी. दिवे लालसर झाले, खोकं कोमट झालं आणि नागपूर लागलं. मी तिथंच फतकल मारून बसले आणि पदरानं तोंड झाकून रडले. माझ्या हातच्या टाक्यांतून माणूस बोलत होता! शेजारची नूतन धावत आली, काय झालं म्हणून विचारायला. तिला सांगितलं, काही नाही, रेडिओ झाला.

संध्याकाळी त्यांनी स्विच शॉर्टवेव्हवर फिरवली. बारीक काटा त्यांच्या हातानं थांबत नव्हता, म्हणून फिरवला मी. इकडे आवाज, तिकडे आवाज, शिट्ट्या, कुठली कुठली भाषा, आणि नेमकी त्यांची ती जागा आली की सगळं मुकं. केंद्र बंद पडलं असेल म्हणावं, तर खरखर तरी यायला हवी. चिटपाखरू नव्हतं. ते म्हणाले, टाका कच्चा राहिला असेल. माझा टाका! दुसऱ्या दिवशी उजेडात मी एकेक टाका सुईनं हलवून पाहिला. एकही हलला नाही. ते तरी म्हणतच राहिले, कच्चा असेल. मी बोलणं टाकलं. ताट वाढायची आणि निघून जायची.

असं रुसून मी पारीवर गेले होते. धानाला पाणी सुटलं होतं. शेजारच्या चालू पाटातून झिरपून एका बंद पाटाच्या तोंडाशी माती ओली दिसत होती, तेवढं पाहिलं आणि मला ती तांदूळ निवडायची दुपार आठवली. बसून राहिलेली कॉइल शेजारणीच्या आवाजातलं ओढून घेते. ते स्वतःच बोलले होते! त्याच एका चकतीसाठी तर एवढी स्थळं पाहून ही स्विच पसंत केली होती.

घरी येऊन मी सरळ विचारलं, चकती कुठं आहे. ते उठले, कोठीमागे हात घातला आणि कागदाची पुडी माझ्या हातात दिली. आत चकती होती. जळून काळी, पत्त्या वितळून एकात एक गेलेल्या.

ती त्यांनी आंब्याच्या दिवसांत एकट्यानं टाके लावून पाहिली होती, मी घरी नसताना. कावी घसरली. त्याच दिवशी त्यांना हाताचं काय ते पक्कं कळलं होतं. मग मला काय सांगायचं म्हणून त्यांनी बाबांचा दट्ट्या पुढे केला. मला सांगता सांगता त्यांना स्वतःलाच ते खरं वाटू लागलं होतं.

“त माझ्या टाक्याले कायले नाव ठेवलं?” मी विचारलं.

त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाले, माझ्या हाताचं दुसऱ्यांदा सांगायला तोंड झालं नाही. मला इतका राग आला होता, आणि त्या रागातही त्यांच्या डोक्यावरून हात फिरवावासा वाटत होता. आधी हात फिरवला. मग राग काढला.

मोडक्या दांड्याची स्विच त्यांनी राखून ठेवली होती ती किती बरं झालं. तिची शेवटची चकती मी उतरवली, आमच्या स्विचवर चढवली, आणि काम नसलेल्या कॉइलींचे टाके तिला दिले. ह्या वेळी ते काहीच सांगत नव्हते. मी मधून मधून त्यांच्याकडे पाहायची, ते मान हलवायचे.

दिवे लागायच्या वेळी मी काटा त्या जागी आणला. आधी खरखर आली. मग खरखरीच्या मागून एक बाई काही तरी बोलत होती, हिंदीत नव्हे, कुठल्या मुलखातली भाषा देव जाणे. एकही शब्द कळला नाही. आम्ही ते सगळं शेवटपर्यंत ऐकलं.

मग त्यांनी खोकं उलटं करून घेतलं आणि पेन्सिल माझ्यापुढे धरली. रीत मला माहीत होती. मी म्हटलं, तुमचा सेट, तुम्ही लिहा, मी कोण? ते म्हणाले, हात ज्याचा, नाव त्याचं. मी म्हटलं, डोकं कोणाचं? अशी ओढाताण बराच वेळ चालली. शेवटी मी पेन्सिल घेतली आणि खोक्याच्या आत, शाळेत चौथीपर्यंत गिरवलं होतं तसं, ठळक लिहिलं. भोजराज.

लिहून मी पेन्सिल कानामागे ठेवणार, तर त्यांनी ती मागून घेतली. डाव्या हातानं उजवं मनगट धरून ते खोक्यावर वाकले. पेन्सिल लाकडावर थरथर वाजत होती. मदतीला माझा हात पुढे गेला होता, तो मी मागे घेतला. ‘क’ कुठल्या कुठे गेला, उकार घसरला, अनुस्वार दोनदा पडला. मान वर करून ते म्हणाले, वाच बरं, लागते का. आजवर राहुलची माय म्हणणाऱ्या माणसानं कुंदा लिहिलं होतं.

मी दोन्ही नावं मोठ्यानं वाचली. आधी त्यांचं.